सेवानिवृत्तीनंतरचे वैयावृत्त्य : श्री. देवेंद्रराज मेहता आणि जयपूर फूट

जैन आचारशास्त्राने वैयावृत्त्याची गणना सहा अभ्यंतर तपांत केली आहे. मूलतः हे तप ग्लान, वृद्ध व रोगी साधूंच्या शुश्रूषेचे. तीच भावना पुढे श्रावकांनी औषधदान व आहारदानाच्या रूपाने दवाखाने, धर्मशाळा आणि पांजरपोळ यांतून जोपासली. या दानात धनाचा वाटा नेहमीच मोठा राहिला. आयुष्यभर कमावलेल्या व्यावसायिक कौशल्याचे दान मात्र विरळाच. उच्च पदावरून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्था मानाची खुर्ची देतात, शाल-श्रीफळ देतात. त्यांच्याजवळचे खरे धन त्यांच्याकडे कोणी मागत नाही. या पार्श्वभूमीवर श्री. देवेंद्रराज मेहता यांच्या कार्याचा इतिहास विचारात घेण्याजोगा आहे.

१९३७ साली जन्मलेले मेहता १९६१ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाले. १९६९ मध्ये जैसलमेरचे जिल्हाधिकारी असताना पोखरणजवळ त्यांना भीषण अपघात झाला. मांडीच्या हाडाचे अनेक तुकडे झाले आणि पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली. पाय वाचला. परंतु ज्याच्याजवळ पद नाही, पैसा नाही, अशा माणसाचा पाय गेल्यावर त्याचे काय होत असेल, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर जयपुरातच तयार झाले होते. सवाई मानसिंह रुग्णालयात कुशल कारागीर रामचंद्र शर्मा, म्हणजेच ‘मास्टरजी’, आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे पाऊल सिद्ध केले. ते लावून अनवाणी चालता येई, उकिडवे बसता येई, मांडी घालता येई, शेतातल्या चिखलात उतरता येई. परदेशी कृत्रिम पायांना बूट आवश्यक असत. भारतीय शेतकऱ्याला त्यांचा काय उपयोग? (डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. फारसे शालेय शिक्षण न झालेल्या मास्टरजींचे नाव मात्र पुष्कळ काळ मागेच राहिले, हेही नमूद केले पाहिजे.) शोध लागला, तरी पहिल्या काही वर्षांत तो फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचला. उणीव विज्ञानाची नव्हती, व्यवस्थेची होती. आणि व्यवस्था हाच प्रशासकाचा प्रांत.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात, १९७५ साली, मेहतांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. तिची कार्यपद्धती पाहिली की सरकारी कचेरी आतून जाणणाऱ्या माणसाचा हात लक्षात येतो. कचेरीत सामान्य माणूस जेथे जेथे अडतो, तो प्रत्येक अडसर येथे हेतुपुरस्सर काढून टाकला गेला. आगाऊ वेळ ठरविण्याची गरज नाही; रात्री-अपरात्री आलेल्यालाही प्रवेश. राहणे, भोजन आणि पाय, सर्व विनामूल्य. माप घेऊन पाय बसवून देण्याचे काम शक्यतो त्याच दिवशी, कारण रोजंदारीवरच्या माणसाला पुन्हा पुन्हा येणे परवडत नाही. जात, धर्म, प्रांत यांची विचारणा नाही. महावीरांच्या नावाच्या संस्थेला हेच शोभणारे होते.

सुमारे सत्तावीस वर्षे मेहतांनी नोकरी सांभाळून ही धुरा वाहिली. ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले आणि १९९५ ते २००२ या काळात मुंबईत ‘सेबी’चे अध्यक्ष होते. समभाग कागदी प्रमाणपत्रांऐवजी ‘डीमॅट’ स्वरूपात ठेवण्याची पद्धत त्यांच्याच कारकिर्दीत रूढ झाली. समाजातील व्यापारी वर्गाला या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.  २००२ मध्ये पद सुटल्यावर मेहतांनी जयपूरच्या समितीसाठी आपला वेळ स्वयंसेवक म्हणून, बिनपगारी, दिला.

या काळात कामाची झेप वाढली. २००४ मध्ये प्रा. सी. के. प्रल्हाद यांनी आपल्या गाजलेल्या व्यवस्थापनविषयक ग्रंथात या संस्थेचा अभ्यास समाविष्ट केला. पाणीपुरवठ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपपासून पायाचा वरचा भाग घडविण्याची रीत समितीने रुळविली होतीच; पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने अल्प किमतीचा कृत्रिम गुडघा तयार झाला आणि २००९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांत त्याची नोंद घेतली. २००८ मध्ये भारत सरकारने मेहतांना पद्मभूषण देऊन गौरविले. कृत्रिम पाय, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली अशा साहाय्याचा लाभ घेणाऱ्यांची संख्या समितीच्या नोंदीनुसार वीस लाखांच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांनीही ‘जयपूर फूट’ची शिबिरे पाहिली आहेत. २०२५ साली समितीच्या स्थापनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली.

मेहतांचे आणखी एक कार्य तुलनेने अपरिचित आहे. १९७७ मध्ये त्यांनी जयपूर येथे प्राकृत भारती अकादमी स्थापन केली. प्राकृत आणि जैन वाङ्मयाचे शेकडो ग्रंथ तिने प्रकाशित केले आहेत. औषधदानाच्या जोडीला शास्त्रदानाचा हा दुसरा प्रवाहही त्यांनी नोकरीच्या काळातच सुरू केला होता.