इन्फ्लुएंझाची साथ आणि हृदयविकार : मृत्युनोंदींच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :
इ.स. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ ही आधुनिक भारताच्या इतिहासातील एक भीषण आपत्ती होय. जून १९१८ मध्ये मुंबईत तिचा प्रादुर्भाव झाला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अधिक संहारक ठरली. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. इतिहासलेखनात हा आजार प्रामुख्याने श्वसनसंस्थेचा म्हणून वर्णिला जातो. त्याचा हृदयाशी असलेला संबंध कसा उलगडत गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदींची मर्यादा :
मुंबई इलाख्यातील खेड्यांत मृत्यूची नोंद गावकामगार ठेवीत. त्यांना वैद्यकीय शिक्षण नसे. परिणामी साथीतील असंख्य मृत्यू ‘ताप’ या एकाच सदरात जमा झाले. बहुतेक रुग्ण न्यूमोनियाने दगावले, हे खरे; परंतु तापातून उठलेला मनुष्य पुढे हृदयविकाराने गेला असल्यास त्याचा मृत्यू या नोंदींतून वेगळा काढता येत नाही.

संबंधाचा शोध :
इ.स. १९३२ मध्ये अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ सेल्विन कॉलिन्स यांनी इन्फ्लुएंझाच्या साथीत हृदयविकाराच्या नावे नोंदलेले मृत्यूही अपेक्षेपेक्षा वाढतात, असे दाखविले. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांना सापडला तो त्यानंतर, १९३३ मध्ये. म्हणजेच विषाणू हाती येण्यापूर्वीच आकड्यांनी हा संबंध सूचित केला होता.

पुढे त्याची कारणमीमांसा झाली. तापामुळे हृदयाचे ठोके वाढतात, तर फुफ्फुसांच्या विकारामुळे रक्तातील प्राणवायू घटतो. शरीरातील दाहामुळे रोहिणीतील मेदाचा थर फुटून रक्ताची गुठळी होऊ शकते. क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील २०१८ च्या अभ्यासानुसार, इन्फ्लुएंझाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ देशांतील चाचणीत, झटक्यानंतर लगेच इन्फ्लुएंझाची लस दिलेल्या रुग्णांत वर्षभरातील मृत्यू व हृदयाच्या गंभीर घटना मिळून ५.३ टक्के, तर लस न मिळालेल्यांत ७.२ टक्के होत्या.

निष्कर्ष :
१९१८ च्या साथीत हृदयविकाराने किती बळी घेतले, हे भारतीय नोंदींवरून सांगता येणार नाही. मात्र नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे मानणे इतिहासाच्या अभ्यासकास योग्य नव्हे. मृत्यूचे कारण अचूक नोंदविणे हे केवळ कार्यालयीन काम नसून, पुढील पिढ्यांच्या प्राणरक्षणाचा तो पाया आहे.