संकल्पाची गोष्ट : बॅबिलोनपासून लोणंदपर्यंत

गेल्या डिसेंबरमध्ये तळघर आवरताना माझ्या लेकीच्या हाती माझ्या जुन्या डायऱ्यांचा खोका लागला. मंडळाच्या मराठी शाळेत ती अक्षरे लावून वाचायला शिकली आहे, त्यामुळे ती तिथेच मांडी घालून बसली. थोड्या वेळाने वर आली आणि म्हणाली, "बाबा, तू दर वर्षी तेच तेच का लिहितोस?"

प्रत्येक डायरीच्या पहिल्या पानावर १ जानेवारीचे संकल्प होते. वजन कमी करणे, एक नवे सर्टिफिकेशन, रात्री अकराला झोपणे... आणि शेवटी न चुकता एक ओळ : 'या वर्षी अण्णांबरोबर लोणंद ते तरडगाव चालायचे.' चौदा डायऱ्या, चौदा वेळा तीच ओळ. एकदाही पुढे बरोबरची खूण नाही.

लोणंद हे आमचे गाव. सातारा जिल्ह्यात कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून इथे मुक्कामाला येते. तिथून पुढचा तरडगावपर्यंतचा टप्पा छोटा. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथे वारीतले पहिले उभे रिंगण होते. माझे वडील, म्हणजे अण्णा, हा टप्पा दर वर्षी चालायचे. मी एमएस करायला २००३ साली अमेरिकेत आलो, नोकरीला लागलो, आणि अण्णांनी एकदा फोनवर सहज म्हटले, "एक वर्ष ये की बरोबर." मी "येतो" म्हणालो. नंतर कधी व्हिसा, कधी प्रोजेक्टचे गो-लाइव्ह, कधी ग्रीन कार्डची वाट. मंडळी, कारणे तुम्हाला नव्याने सांगायला नकोत!

लेकीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मग आम्हा आयटीवाल्यांची सवय म्हणून मी प्रश्नाच्या मुळाशी जायचे ठरवले. हे नवीन वर्षाच्या संकल्पांचे प्रकरण आले कुठून? आणि पूर्वीच्या लोकांचे तरी संकल्प पार पडत होते का?

सुरुवात बॅबिलोनपासून करू. तिथे नवे वर्ष वसंतात, निसान महिन्यात, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू होई. 'अकितु' नावाचा उत्सव अकरा-बारा दिवस चाले. पाचव्या दिवशी राजाला मर्दुक देवाच्या मंदिरात नेत. पुजारी त्याची राजचिन्हे काढून घेई, त्याच्या गालावर चपराक मारी, कान ओढून त्याला देवापुढे गुडघे टेकायला लावी. आपण नगराकडे आणि देवाकडे दुर्लक्ष केलेले नाही, असे राजाने सांगायचे. मग चिन्हे परत मिळत, आणि पुन्हा एक चपराक! डोळ्यांत पाणी आले तर देव प्रसन्न झाला असे समजत. थोडक्यात काय, नव्या वर्षाआधी मागच्या वर्षाचा हिशेब, आणि तोही खुद्द राजाचा.

रोममध्ये नवे कॉन्सल पूर्वी १५ मार्चला अधिकारावर येत. स्पेनमध्ये बंड झाले, सेनापतीने लवकर पोहोचणे गरजेचे झाले, म्हणून इसवी सनपूर्व १५३ पासून ही तारीख १ जानेवारीवर आली. त्या दिवशी नवे कॉन्सल कॅपिटॉल टेकडीवर ज्युपिटरच्या मंदिरात जात. गेल्या वर्षीच्या कॉन्सलांनी राज्याच्या कल्याणासाठी बोललेला नवस आधी फेडत, आणि मगच पुढच्या वर्षाचा नवा नवस बोलत. आधीचे फेडा, मग नवे बोला. हा क्रम वाचून मला माझी चौदा पाने आठवली.

इंग्लंडची गंमत वेगळीच. तिथे कायद्याने नवे वर्ष अनेक शतके २५ मार्चला सुरू होत असे. १७५२ साली ते १ जानेवारीवर आणले गेले, आणि त्याच वर्षी कॅलेंडर सुधारण्यासाठी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. अमेरिका तेव्हा त्यांचीच वसाहत, त्यामुळे इथेही तेच झाले. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१चा, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२चा! तात्पर्य, १ जानेवारीत स्वतःची अशी काही जादू नाही. माणसांनी ठरवली म्हणून ती पहिली तारीख.

पण लोक मात्र १ जानेवारीला आधीपासूनच मनाने नवे वर्ष मानत. लंडनच्या नौदल कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स याने आपली प्रसिद्ध रोजनिशी १ जानेवारी १६६० रोजी सुरू केली. ३१ डिसेंबर १६६१च्या नोंदीत तो लिहितो, की नाटके आणि दारू सोडण्याची शपथ घेतली आहे. शपथ त्याने कागदावर लिहून जवळ ठेवली होती. पुढे ती मोडली, पुन्हा घेतली, मोडल्याबद्दल गरिबांसाठी दंडही भरला. शेवटी २९ सप्टेंबर १६६२ला मुदत संपली आणि त्याच दिवशी हा गृहस्थ शेक्सपिअरचे 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' पाहायला गेला. आणि इतके निरस नाटक आपण कधी पाहिले नाही, असे लिहून मोकळा झाला! मला हा माणूस फार जवळचा वाटला. तरी त्याच्याकडे मुदत होती आणि दंड होता. माझ्याकडे दोन्ही नव्हते.

आपल्या शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये १७२२-२३ साली जोनाथन एडवर्ड्स नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण धर्मोपदेशक स्वतःसाठी संकल्प लिहू लागला. हळूहळू त्याची यादी सत्तरपर्यंत गेली. ती आठवड्यातून एकदा वाचायची, असा त्याचा नेम. मी माझी यादी वर्षातून एकदा वाचत होतो, तीही लिहिताना.

पण खरे मोठे संकल्प एकट्याचे नव्हतेच. ३१ डिसेंबर १८६२च्या रात्री अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक ठिकठिकाणी प्रार्थनेसाठी जमून जागत बसले होते. १ जानेवारी १८६३ला लिंकन यांचा गुलामीमुक्तीचा जाहीरनामा निघणार होता, त्याची ती वाट होती. आणि आपल्याकडे ३१ डिसेंबर १९२९च्या मध्यरात्री, लाहोरला, रावीच्या काठी जवाहरलाल नेहरूंनी तिरंगा फडकवला. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला होता. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर लोकांनी एकत्र येऊन स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली, आणि पुढे दर वर्षी तो दिवस पाळला गेला. स्वातंत्र्य मिळायला त्यानंतर साडेसतरा वर्षे लागली. त्या तारखेची आठवण म्हणूनच राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. माझ्या माहितीतला नव्या वर्षाचा हा सर्वात मोठा संकल्प. तोही पहिल्या वर्षी पुरा झाला नव्हता, पण दर वर्षी चारचौघांत उच्चारला गेला.

असो. एवढे जग हिंडून आल्यावर घरचे आठवले. 'संकल्प' हा शब्दच मुळी आपल्या पूजेतला. गुरुजी आधी देश-काल सांगतात : शालिवाहन शक कोणता, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, तिथी, आपण नदीच्या कोणत्या तीरावर आहोत, मग गोत्र, नाव आणि हेतू. आमच्या इथल्या वास्तुशांतीला गुरुजींनी 'गोदावरीच्या दक्षिण तीरा'ऐवजी 'क्रौंचद्वीप' म्हटले, तेव्हा आम्ही हसलो होतो. आता त्यातला नेमकेपणा कळतो. कोण, कुठे, कधी, कशासाठी, हे सगळे सांगून मगच पळीभर पाणी सोडायचे. माझ्या संकल्पांवर मात्र मी दुसऱ्याच अर्थाने पाणी सोडत आलो होतो!

माझी आजी कधी १ जानेवारीच्या वाटेला गेली नाही. तिचे संकल्प चातुर्मासाचे. कांद्याच्या पेठेत राहून ती चार महिने कांदा, लसूण, वांगे सोडायची. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमीला घरात भज्यांचा घाणा निघायचा, आणि मग कार्तिकीपर्यंत नाव नाही. शेवटी उद्यापन. जे सोडले ते आधी कुणाला तरी दान द्यायचे, मगच स्वतः खायचे. अख्ख्या घराला तिचा नेम माहीत असे, त्यामुळे तो मोडायची सोयच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचे तर स्कोप ठरलेला, मुदत ठरलेली, साक्षीदार हजर, आणि शेवटी रीतसर साइन-ऑफ. आजी चौथी शिकलेली होती. मी मास्टर्स करून सात समुद्रांपलीकडे असले प्रोजेक्ट चालवतो आणि त्याचे पैसे घेतो.

बॅबिलोनचा राजा, रोमचा कॉन्सल, पीप्स, लाहोरची मंडळी आणि आमची आजी यांच्यात मला एक गोष्ट समान दिसली. त्यांचा संकल्प कुणालातरी माहीत होता. देवाला, लोकांना, घराला. माझा संकल्प डायरीत बंद होता. अण्णांनासुद्धा ठाऊक नव्हते, की मी तो दर वर्षी लिहितो.

त्या रविवारी फोनवर मी त्यांना सांगितले. चौदा वेळा लिहिल्याचेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "अरे, मला कळवायचं तरी. मी दर वर्षी पालखी गेल्यावर म्हणायचो, याला विसर पडला." पुढे म्हणाले, "आता गुडघे नाही म्हणतात रे. गेल्या दोन वर्षांत मी चाललो नाही."

म्हणजे जो संकल्प मी लिहीत होतो तो आता जसाच्या तसा पुरा होणार नाही. हे पचवायला मला काही दिवस लागले.

मग या १ जानेवारीला डायरीत काही लिहिले नाही. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बोललो, लेकीला साक्षीदार ठेवले, आणि त्याच रात्री दोन तिकिटे काढली, तिचे आणि माझे. पालखी लोणंदहून निघेल तेव्हा अण्णा रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतील. आम्ही दोघे त्यांना नमस्कार करून तरडगावपर्यंत चालू, आणि संध्याकाळी परत येऊन रिंगण कसे झाले ते त्यांना सांगू. हेच उद्यापन.

आता हे तुम्हा सगळ्यांना छापून सांगितले आहे, तेव्हा माघार घ्यायची सोय उरलेली नाही! पुढच्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलात तर जरूर विचारा, "काय, चाललात का?" आणि तुमचाही एखादा जुना संकल्प डायरीत पडून असेल, तर ज्याच्यासाठी तो केला त्याला आजच फोन करून सांगा. तिकडे सकाळ झाली असेल.

नव्या वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!