हदगाव तालुका : गढ्या, वाडे आणि वसाहत

हदगाव हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण नांदेड–नागपूर मार्गावर आहे. तालुक्याच्या उत्तरेची पैनगंगा ही मराठवाडा व विदर्भ यांची सीमा होय; १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावर ती निजामी मुलूख आणि इंग्रजी अंमल यांच्यामधील सरहद्द ठरली.

येथील जुनी गावे पांढरीवर वसलेली आहेत. पांढरी म्हणजे पडक्या भिंतींची माती, राख व शेण पिढ्यान्‌पिढ्या साचून उंच व पांढुरकी झालेली वस्तीची जमीन. तिच्याभोवतीची शेतजमीन ती काळी. पांढरीच्या माथ्यावर पाटील किंवा देशमुख यांची गढी असे. जाड मातीचा तट, कोपऱ्यांना बुरूज व एकच भक्कम दरवाजा असलेली ही वास्तू राहते घर, धान्यकोठार आणि दंग्याधोप्यात गावाचा आसरा अशा तिन्ही कामी येई. अशा मातीच्या तटाची ताकद तालुक्यातील नाव्हा येथे दिसली : हटकर समाजाचे पुढारी नौसाजी नाईक यांचे ठाणे जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालील निजामाच्या पलटणींनी वेढा घालून, सुरुंग व तोफांच्या बळावर घेतले.

गढीखालोखाल वाडे येतात. ढाळज (दरवाजालगतची बैठकीची जागा), चौक, सोपा आणि भिंतीतले बळद, म्हणजे धान्याची बंदिस्त कोठी, ही त्यांची अंगे होत. वरचे माळवद तुळयांवर लाकडी किलचे अंथरून व त्यावर पांढऱ्या मातीचा थर चोपून केलेले असे, आणि पावसाळ्यापूर्वी ते दरवर्षी नीट करावे लागे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या १८६५ च्या जिल्हाबंदीने (जिल्हावार महसूल व्यवस्थेने) देशमुखांचा वसुलीचा अधिकार सरकारकडे गेला, त्यामुळे गढीच्या डागडुजीमागील सत्ताही ओसरली. पुढे अनेक पडक्या गढ्यांची माती माळवदांसाठी नेली गेली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदाच्या घरांविषयीच धास्ती बसली.

केवळ वतनदारांच्या वास्तूंवरून हा इतिहास पुरा होत नाही. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहणारे बंजारा समाजाचे लोक, रस्ते व रेल्वेमुळे तो व्यापार बुडाल्यावर, गावठाणापासून दूर तांडे करून स्थिरावले. कुडाच्या भिंतींची ही वस्ती बहुधा तांड्याच्या नायकाच्या (प्रमुखाच्या) नावाने ओळखली जाई, मात्र दप्तरी तिची नोंद दीर्घकाळ मूळ महसुली गावाखालीच होत राहिली.