टाकीतला ठाव

आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या बाजारहत्नूरच्या वाटेवर कोणी गृहस्थ मोटारसायकल थांबवून, तिच्या टाकीशी कान नेऊन, ती दोन्ही हातांनी हलवीत असलेला दिसला, तर त्याला वेड लागले असे समजू नये. तो पेट्रोलचा ठाव घेत असतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. काठोकाठ भरलेली टाकी मुकी असते, कोरडीही मुकीच. बोलते ती अर्धीमुर्धी.

ही चिंता वाहनाइतकीच जुनी आहे. १८८८ साली बर्था बेंझ ही जर्मन बाई दोन मुलांसह पतीची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा वाटेत इंधन संपत आले. पंप जगात कोठेच नव्हता. वीसलोख गावच्या औषधी दुकानातून तिने डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले आणि पुढचा रस्ता धरला. पुढे फोर्डची ‘टी’ मोटार आली. तिची टाकी आसनाखाली असे. आसन उचलून आत काठी बुडवायची आणि ती किती भिजली ते पाहायचे. विहिरीत दोर सोडून पाणी पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटले नसते.

मोटारसायकलच्या कारागिरांनी याहून नामी युक्ती काढली. टाकीच्या बुडाशी एक छोटा कॉक, आणि त्यातून आत गेलेली दोन तोंडे. एक तोंड बारीक नळीने उंच उभे, दुसरे अगदी तळाशी. कॉक नेहमीच्या खुणेवर असला की पेट्रोल उंच नळीतून येते. पातळी नळीच्या टोकाखाली गेली की गाडी आचके देऊ लागते. मग चालत्या गाडीवरच डावा हात खाली घालून कॉक फिरवावयाचा, की तळाचे तोंड उघडते आणि शिलकीतले लिटर-दीड लिटर हाती लागते. आपले लोक म्हणतात, ‘गाडी रिझर्व्हला लागली.’ तार नाही, काटा नाही. संपण्यापूर्वी एकदा ‘संपले’ असे खोटेच सांगणारे हे यंत्र. मला तर ते जुन्या गृहिणीसारखे वाटते, जी डब्यातले तांदूळ संपल्याचे चार दिवस आधीच जाहीर करते.

१९५५ साली मद्रासला बुलेट बांधण्याची व्यवस्था झाली, १९६१त म्हैसूरची जावा आणि १९६२त राजदूत आली. या सर्वांच्या टाकीखाली हा कॉक होता. शेवटच्या दोघींत पेट्रोलबरोबर ऑइलही मापून घालावे लागे, म्हणजे हिशेब दुहेरी. १९७३त अरबी देशांनी तेल आखडले, जगभर भाव भडकले, आणि थेंबाची किंमत खेड्यांतही कळली. १९८५त हिरो होंडाची चार स्ट्रोकची गाडी निघाली. भरा आणि विसरून जा, असे तिची जाहिरात सांगे.

विसरण्याचाच धोका मोठा. २००६च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजाऱ्याचे चार वर्षांचे मूल तापाने फणफणले. त्याला आईच्या मांडीवर देऊन मी इच्चोड्याकडे निघालो. वाटेत गाडीने आचका दिला. मी सवयीने हात खाली घातला, तर कॉक आधीच रिझर्व्हवर! दुपारी गाडी मागून नेणाऱ्याने तो फिरविला होता आणि परत जागेवर आणला नव्हता. मीही पाहिला नव्हता. शिल्लक कधीच खर्ची पडली होती. पावसात गाडी ढकलीत एका वस्तीपर्यंत गेलो. तेथील एका शेतकऱ्याने काही न विचारता आपल्या गाडीची नळी उपसून बाटलीभर पेट्रोल काढून दिले. बाटली भरेपर्यंतचा तो वेळ मी अद्याप विसरलो नाही. मूल बरे झाले.

तेव्हापासून मी वर्गात गणित घालतो: पन्नास रुपयांचे पेट्रोल घेतले, तर गाडी किती किलोमीटर जाईल? आपण लिटर मागत नाही, रुपये मागतो. २०१७पासून भाव रोज ठरू लागले. तेवढ्याच नोटेत मिळणारे माप बदलत राहिले. शिवाय १९५६ साली किनवट नांदेडकडे गेले आणि आम्ही आंध्राकडे राहिलो; २०१४त तेलंगण झाले. सोयरिकी दोन्हीकडे, कर मात्र निराळे, म्हणून भावही निराळे. मुले उत्तर काढण्याआधी ‘गुरुजी, कुठल्या बाजूचा पंप?’ असे विचारतात, आणि प्रश्न रास्त असतो.

पुढे काटा आला. टाकीत तरंगणारा गोळा खालीवर होतो, वीज कमीजास्त वाहते आणि काटा हलतो. पण टाकी खोगिरासारखी, तिरक्या स्टँडवर कललेली. काटा बराच वेळ भरलेली टाकी दाखवतो आणि मग झरझर उतरतो. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि पेट्रोल ढकलणारा पंप टाकीतच बसला. तो पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी कोरडी पडू देणे आता अधिकच महाग.

परवा तेच शेजाऱ्याचे मूल, आता मिसरूड फुटलेले, नवी गाडी दाखवावयास आले. मी बसताच डावा हात सवयीने टाकीखाली गेला. तेथे कॉक नव्हता. तो हसला आणि म्हणाला, ‘गुरुजी, दिवा लागतो.’ मी त्याला विचारले, दिवा लागल्यावर गाडी किती जाते ते मोजले आहेस का? त्याने मोजले नव्हते.