नागपूरचे गोंड: राजवट आणि सगा

नागपूर वसवले ते गोंडांनी. भोसल्यांची राजधानी ही या शहराची पुढची ओळख. महाल भागातल्या दाट वस्तीत आजही ‘गोंडराजाचा किल्ला’ आहे. मात्र शहराचा इतिहास सांगणारे बहुतेक जण त्याच्यावरून घाईने पुढे जातात आणि थेट रघूजी भोसल्यांपाशी येऊन थांबतात.

या गोंड राजघराण्याचे मूळ ठाणे देवगड, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातला डोंगरी किल्ला. ‘ऐन-ए-अकबरी’त तिथल्या जाटबा राजाची नोंद आहे: २,००० स्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती. पुढे याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहाने भाऊबंदकीत गादी गमावली. मदतीसाठी तो औरंगजेबाच्या दरबारी गेला आणि १६८६ च्या सुमारास इस्लाम स्वीकारून त्याने गादी परत मिळवली. घराणे मुसलमान झाले, तरी सोयरिकी गोंड घराण्यांशी होतच राहिल्या. नंतर हाच राजा वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरचा मोगली मुलूख लुटू लागला, तेव्हा चिडलेल्या बादशहाने त्याचे नाव बदलून ‘निगून बख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, करण्याचे फर्मान काढले. नाव काही बदलले नाही.

राजापूर बारसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वस्त्या जोडून बख्त बुलंदाने १७०२ च्या सुमारास नागपूर उभे केले आणि बाहेरून शेतकरी व कारागीर आणून वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी देवगडहून इथे आणली, शहराभोवती तीन मैलांचा कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच पुढे शुक्रवारी तलाव झाला, आता गांधीसागर. चांद सुलतानानंतर वारसाहक्काचे भांडण पेटले. त्याच्या राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. त्यांनी तिच्या मुलांना गादीवर बसवले आणि मोबदला घेतला. पुढे मुलांमध्येच बिनसले, तेव्हा १७४३ मध्ये रघूजींनी कारभार स्वतःच्या हाती घेतला. गोंडराजाला मात्र त्यांनी हाकलले नाही. तो पेन्शनवर नागपुरातच राहिला आणि नव्या भोसले राजाला टिळा लावण्याचा मान त्याच्याकडे ठेवला गेला. त्यामागे निव्वळ आदर नव्हता, सातारा-पुण्याच्या दाव्यांपुढे दाखवायला जुन्या राजाचे नाव हाताशी असणे सोयीचे होते.

राजवट गेली तरी गोंडांची कुटुंबव्यवस्था ढळली नाही, कारण ती राजावर कधी टेकलेलीच नव्हती. ती टेकली आहे देवांच्या मोजणीवर. गोंड स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतात. मडावी, उईके, कुमरे, आत्राम, टेकाम, मसराम, परतेकी, सिडाम अशी त्यांची कुळे आहेत आणि प्रत्येक कूळ चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या ‘सग्या’त मोडते. एकाच संख्येचे देव मानणारी कुळे आपसांत भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणून सोयरिकीच्या बोलण्यात गाव, शेती, नोकरी या सगळ्यांच्या आधी प्रश्न येतो: ‘किती देवाचे?’ कोणते कूळ कोणत्या सग्यात, हे सगळीकडे सारखे नाही. भाग बदलला की एखादे आडनाव दुसऱ्या मोजणीत सापडते, आणि मग जाणत्या म्हाताऱ्यांना विचारावे लागते.

मामे-आते भावंडांचे लग्न पूर्वी पसंतीचे मानत. त्याला ‘दूध लौटावा’ म्हणतात: एका पिढीत मुलगी देऊन घराबाहेर गेलेले दूध पुढच्या पिढीत परत येते. जुन्या रीतीत देज वरपक्ष देई, आणि बऱ्याच ठिकाणी लग्न मुलाच्या मांडवात लागे, म्हणजे वरात मुलीकडून निघे. देज देण्याची ऐपत नसलेला तरुण ‘लमसेना’ होई. सासऱ्याच्या घरी काही वर्षे नांगर धरायचा, लाकडे फोडायची आणि मग लग्न.

मरणानंतरचा विधीही देवांशीच जोडलेला आहे. माणूस मेला की त्याचा जीव बाहेर राहतो, त्याला घरी आणावे लागते. त्यासाठी नातलग नदीकाठी जाऊन मेलेल्याचे नाव घेऊन हाका मारतात. पाण्यातला एखादा मासा किंवा किडा हाती लागला की तोच जीव समजून घरी आणतात आणि पूर्वजांच्या देवांत मिसळवतात. त्यानंतर मेलेला माणूस कुळाचा देव होतो. सर्वांत मोठा देव फडापेन, म्हणजेच बडादेव. त्याचे स्थान बहुधा ऐनाच्या झाडाशी असते.

ही वंशावळ आणि देवकथा ध्यानात ठेवण्याचे काम प्रधान या गाथा गाणाऱ्या जमातीचे. ठरावीक वर्षांनी ते यजमान गोंडांच्या दारी येत, किंगरी वाजवून कुळाची गाथा गात आणि दान घेत. एका प्रधानाने गायिलेली, गोंडांचा आदिगुरू लिंगो याची दीर्घ कथा नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी उतरवून घेतली. १८६३ मध्ये ते बुडून वारले, त्यांची टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. गोंडांच्या देवकथेत गुहेत कोंडलेली मुले लिंगोने आणि देवी जंगोने सोडवली, ती जागा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातले कचारगड. तिथे माघ पौर्णिमेला यात्रा भरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सारे नव्याने लिहिले गेले तेही नागपुरातच. रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि ‘कोया पुनेम’ म्हणजे गोंडी धर्मविचार यांवर पुस्तके लिहिली. गोंडांच्या गाड्यांवर रंगवलेला ‘७५०’ हा कुळांच्या संख्येचा आकडा आता पाहणाऱ्यांच्या सवयीचा झाला आहे.

वारसाहक्काचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे रूढी पाहिली जाते, आणि रूढीत शेत मुलांकडे जाई. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. लग्नाचे नियम सैल होत असले, तरी परिचयपत्रात शिक्षणाच्या रकान्याशेजारी ‘देव’ हा रकाना अजून असतो.