टोमॅटोला रंग कळतो का? मल्चिंग पेपरची गोष्ट

आजचा भाग मल्चिंग पेपरवर. नाव पेपर, वस्तू प्लास्टिकची. पुण्याहून नारायणगावकडे जाताना शेतात गादीवाफ्यांवर चंदेरी पट्टे चमकतात ना, तेच. पण दुकानात काळा, पांढरा, चंदेरी, लाल, पारदर्शक असे प्रकार का असतात? त्यासाठी जरा मागे जाऊ.

साल 1933, इंग्लंड. आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन प्रचंड दाबाखाली इथिलीनवर प्रयोग करत होते. हवं होतं ते मिळालंच नाही, भांड्यात राहिला एक पांढरा मेणचट पदार्थ. तेच पॉलिथिलीन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलींवर आवरण म्हणून वापरलं गेलं. शेतात ते युद्धानंतर आलं.

ते आणणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे एमरी एमर्ट. काचेचं ग्रीनहाऊस परवडेना, म्हणून 1948 मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्यावर प्लास्टिकची फिल्म ताणली. पुढे 1950 च्या दशकात त्यांनी काळं पॉलिथिलीन भाजीच्या वाफ्यांवर अंथरून पाहिलं. खाली उजेड नाही म्हणून तण नाही, ओल टिकते, थंडीत माती ऊबदार राहते. खुरपणीची मजुरी वाचली, आणि हा पेपर जगभर पसरला.

इथपर्यंत रंगाचा हिशेब उष्णतेचा होता. काळा माती तापवतो, पांढरा गार ठेवतो. पारदर्शक सगळ्यात जास्त तापवतो, पण त्याखाली तणही मस्त वाढतं. म्हणून तो उन्हाळ्यात ओल्या, रिकाम्या जमिनीवर काही आठवडे अंथरून मातीतली रोगाची बुरशी मारायला वापरतात. इस्रायलच्या काटान आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये हे दाखवून दिलं.

आता माझा आवडता भाग. 1952 मध्ये बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर प्रकाश टाकून पाहिला. लाल प्रकाश दिला की बी रुजतं. त्यानंतर लगेच फार-रेड, म्हणजे लालच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा प्रकाश दिला की रुजणं रद्द! आलटून पालटून कितीही वेळा द्या, शेवटचा प्रकाश कोणता होता तेच बी लक्षात ठेवतं. आम्ही डेटाबेसमध्ये याला 'लास्ट राइट विन्स' म्हणतो. झाडातल्या या स्विचचं नाव फायटोक्रोम.

झाडाला हा स्विच कशाला? हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि फार-रेड परत फेकतं. म्हणजे आजूबाजूला फार-रेड वाढला की झाड समजतं, शेजारी कुणीतरी आलंय, आता स्पर्धा आहे!

साउथ कॅरोलिनातल्या फ्लोरेन्सचे मायकेल कॅस्परबाउअर यांनी हाच धागा पकडला. जमिनीवरूनच असा प्रकाश परावर्तित केला तर? 1989 मध्ये त्यांच्या गटाने टोमॅटोचे निकाल छापले. लाल मल्चवर विकण्याजोगा माल लवकर आणि जास्त आला, पाला कमी राहिला. पांढऱ्या आणि चंदेरीवर उलट, पाला जास्त आणि सुरुवातीचा माल कमी. पुढे लाल मल्च बाजारात आला.

हे ऐकून माझ्या मामाने फोनवर विचारलं, "मग लाल आणू का रे?" त्याचं टोमॅटोचं शेत आहे, वर्षाचा खर्च त्यावर चालतो, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. मी म्हटलं, "मामा, घाई करू नकोस." कारण पुढच्या चाचण्यांत लालचा फायदा कधी दिसला, कधी नाही. जागा आणि हंगाम बदलला की निकाल बदलतो. शिवाय झाड पसरलं की पेपर झाकला जातो, मग परावर्तन कसलं?

आणि आपल्याकडे मोठं दुखणं वेगळंच आहे: मावा, फुलकिडे, पांढरी माशी, आणि त्यांच्यामागून येणारे विषाणू. चंदेरी पृष्ठभागावरून उसळणाऱ्या उजेडाने या किडी गोंधळतात, झाडावर कमी उतरतात. म्हणून आपल्याकडे वर चंदेरी, खाली काळा असा पेपर रुळलाय. वरून किडींना त्रास, खालून तणाला अंधार. मामा चंदेरीवरच थांबला. लाल बघायचाच असेल तर एक ओळ लाव, बाकी नेहमीचं ठेव आणि तोडे मोजून लिहून ठेव, एवढं मी सांगितलं.

पण खरा प्रश्न रंगाचा नाहीच. पीक तीन-चार महिन्यांत निघतं, प्लास्टिकचे तुकडे मात्र मातीत राहतात. चीनमध्ये अतिपातळ फिल्म फाटून वर्षानुवर्षं शेतात साचत गेली. शेवटी 2018 पासून तिथे किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉन करावी लागली. आपल्याकडे भाजीला साधारण 25-30 मायक्रॉनचा पेपर वापरतात, तो अखंड निघू शकतो. पण काढायला माणूस लागतो, आणि काढल्यावर जायचं कुठे हेही ठरलेलं लागतं. बांधावर जाळणं हे उत्तर नव्हे.

म्हणून दुकानदाराला रंग विचारण्याआधी जाडी विचारा, आणि जुना पेपर कोण घेतो तेही. गच्चीवर किंवा परसात चार झाडं असतील तर पेपर आणूच नका. उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा अंथरा. तणही दबतं, ओलही राहते, आणि शेवटी त्याचं खतच होतं.

चला, भेटू पुढच्या भागात!