गोळीतली खळ

औषधांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा रसायनांचा इतिहास लिहितो. पेनिसिलिनचा शोध कोणी लावला, हे शाळकरी पोरही सांगेल. गोळी पोटात गेल्यावर तिचा चुरा कसा होतो, हे मात्र कोणी विचारत नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. कदाचित म्हणूनच मला हा प्रश्न सोडवेना.

भुकटी साच्यात दाबून गोळी करण्याचं पेटंट १८४३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॉकेडन यांनी घेतलं. हे गृहस्थ चित्रकार. पेन्सिलीच्या ग्राफाइटची भुकटी दाबून घट्ट करण्याच्या खटाटोपातून ही युक्ती निघाली आणि औषधालाही लागू पडली.

पण दाबून घट्ट केलेली गोळी फुटणार कशी? घट्टपणा बाटलीत हवा, पोटात नको. गोळी अख्खीच पुढे सरकली, तर आतलं औषध असून नसल्यासारखं. उत्तर स्वयंपाकघरातलंच होतं : स्टार्च. शिजवून खळ केली, की तो भुकटीचे कण एकत्र धरतो; कोरडा मिसळला, की पाणी आत ओढून फुगतो आणि गोळी फोडतो. म्हणून त्याचा काही भाग खळ म्हणून, तर काही कोरडा घालण्याची रीत पडली. लेप नसलेली साधी गोळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटांत फुटावी, ही आपल्याकडची आजची कसोटी.

हा स्टार्च मक्याचा, बटाट्याचा, तसाच टॅपिओकाच्या कंदाचाही चालतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८०–८५) यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातला माल थांबला, तेव्हा सेलममध्ये त्यापासून स्टार्च आणि साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आपल्या एकादशीची खिचडी गोळीच्या गोतावळ्यातली आहे ती अशी.

औषधशास्त्र स्टार्चला ‘निष्क्रिय’ घटकांत बसवतं. मला हा शब्द पटत नाही. त्याच्यावाचून औषध वेळेवर सुटत नाही, आणि सीलिअ‍ॅक रोग असलेल्याला गव्हाच्या स्टार्चमधला ग्लुटेनचा अंशही बाधू शकतो. त्या रोग्याला वेष्टनावर नुसतं ‘स्टार्च’ वाचून भागत नाही. कोणत्या धान्याचा, कोणत्या कंदाचा, हे कळावं लागतं. इतिहासानेही तेवढी विचारपूस करायला हवी.